खांद्यावर बॅग, नाव दुसरीचं : महिला गोल्फमधल्या कॅडीचा आठवडा आणि त्यामागचा इतिहास

कोडोलीत कुस्तीवर बोलायचं म्हटलं तर ऐकणारेच बोलणाऱ्याला चार डाव शिकवतील. वारणेचं कुस्ती मैदान आपल्या उशाला आहे. गोल्फ मात्र आपल्याकडे टीव्हीवर चॅनेल बदलताना क्षणभर दिसणारा खेळ. हिरवंगार रान, पांढरा चेंडू, आणि टाळ्यासुद्धा दबक्या आवाजात. तरीही आज आम्ही गोल्फ हा विषय घेतला, कारण आम्हाला त्यातल्या खेळाडूबद्दल बोलायचं नाही. तिच्या शेजारून पंधरा-वीस किलोची बॅग खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे. त्याला कॅडी म्हणतात. ओझं वाहून पोट भरणाऱ्या माणसाचा इतिहास आपल्या भागाला परका नाही.

प्रश्न साधा आहे. हा माणूस कोण? हमाल, मदतनीस, की वस्ताद? त्याचं काम हळूहळू हमालाचं वस्तादाचं झालं, पण त्याची कागदावरची जागा हमालाचीच राहिली, असं आम्हाला वाटतं. हे कसं घडलं ते आज बघू. महिलांच्या व्यावसायिक गोल्फमधला एक आठवडा मध्ये ठेवू, आणि त्याच्या मागेपुढे जो इतिहास आहे तो उलगडू.

आधी शब्द बघा. फ्रेंचमध्ये 'कादे' म्हणजे घरातला धाकटा मुलगा. त्यावरून सैन्यातला 'कॅडेट' आला. हाच शब्द स्कॉटलंडमध्ये जाऊन 'कॅडी' झाला आणि तिथे त्याचा दर्जा घसरला. अठराव्या शतकातल्या एडिनबरा शहरात कॅडी म्हणजे रस्त्यावर उभा राहून पडेल ते काम करणारा माणूस. निरोप पोचवायचा, चिठ्ठी न्यायची, पाणी वाहायचं, नवख्या माणसाला गल्ल्या दाखवायच्या. त्यांची आपली एक संघटना होती, वर एक मुकादम होता, आणि एखाद्या कॅडीने चोरी केली तर बाकीच्यांनी मिळून भरपाई द्यायची असा नियम होता. म्हणजे ओझं वाहणारा असला तरी विश्वासाचा माणूस. हे लक्षात ठेवा, कारण 'ओझं' आणि 'विश्वास' या दोन गोष्टी पुढे सगळीकडे एकत्र येणार आहेत.

गोल्फच्या मैदानावर नावानिशी माहीत असलेला पहिला कॅडी अँड्र्यू डिक्सन. १६८१-८२ च्या सुमारास लीथच्या मैदानावर यॉर्कचा ड्यूक, जो पुढे इंग्लंडचा राजा झाला, गोल्फ खेळायचा. तेव्हा डिक्सन पोरसवदा होता. तो ड्यूकच्या काठ्या न्यायचा आणि पुढे पळत जाऊन चेंडू कुठे पडतो ते बघायचा. त्या काळी चेंडू हरवणं परवडत नसे, तो हाताने बनवलेला आणि महाग असायचा. त्यामुळे कॅडीचे डोळे हेच त्याचं पहिलं भांडवल होतं.

आता आपल्या देशात येऊ. ब्रिटनच्या बेटांबाहेरचा जगातला सगळ्यात जुना गोल्फ क्लब कुठला? अमेरिकेतला नाही, ऑस्ट्रेलियातला नाही. तो कलकत्त्याचा, १८२९ चा. त्यानंतर १८४२ मध्ये मुंबईत क्लब निघाला. साहेब जिथे छावणी टाकायचा किंवा हवा खायला जायचा, तिथे गोल्फचं मैदान आखायचा. नाशिकला आजही लोक 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात. त्या मैदानाला आता हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणारे ते कान्हेरे. साहेबाच्या खेळाची जागा आणि साहेबाला मारणाऱ्या क्रांतिकारकाचं नाव, दोन्ही एकाच मैदानाला चिकटलेली आहेत. इतिहास असा रस्त्याच्या कडेला पडलेला असतो, आपण फक्त थांबायचं असतं.

या मैदानांवर साहेबाबरोबर एक नाही, दोन माणसं असायची. एक बॅग घेणारा कॅडी. दुसरा 'आगेवाला'. होय, हा आपलाच शब्द इंग्रजी गोल्फमध्ये गेला. आगेवाला म्हणजे पुढे उभा राहून चेंडूवर नजर ठेवणारा. आपल्याकडच्या झाडीत, पावसाळ्यातल्या गवतात चेंडू गेला की गेला. शिवाय घारी आणि कावळे चेंडू उचलून न्यायचे, तो वेगळाच ताप. म्हणून आगेवाला लागायचा. ही कामं करायला क्लबच्या भिंतीपलीकडच्या वस्तीतली पोरं यायची. शाळा बुडवून यायची, कारण चार आणे रोख मिळायचे. क्लबच्या सभासदत्वात देशी माणसाला जागा नव्हती तेव्हाही क्लबच्या गवतावर देशी पोरगा होताच. तो बॅगेखाली होता, एवढंच.

मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ सालचा. त्याच्या शेजारी दाट वस्ती. त्या वस्तीतल्या पोरांनी पिढ्यान् पिढ्या तिथे कॅडीचं काम केलं. दिवसभर दुसऱ्याची बॅग वाहायची आणि संध्याकाळी बोळात आपला खेळ मांडायचा. बांधकामाच्या लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या, प्लास्टिकचा चेंडू घेतला, गटाराच्या कडेला, पत्र्याच्या भिंतीवरून टप्पे घेत 'होल' ठरवले. याला पुढे 'स्लम गोल्फ' असं नाव मिळालं, परदेशी छायाचित्रकार येऊन फोटो काढून गेले. त्या पोरांतले काही जण पुढे व्यावसायिक खेळाडू झाले. लोकांना त्या फोटोत गरिबी दिसली. आम्हाला मात्र त्यात अभ्यास दिसतो. वर्षानुवर्षं चांगल्या-वाईट खेळाडूंच्या मागे उभं राहून बघितलं, तर हाताआधी डोळा शिकतो.

याचा पुरावाही आहे. इंडियन ओपन ही आपली सगळ्यात मानाची स्पर्धा १९६४ मध्ये सुरू झाली. १९६५ मध्ये ती बिल्लू सेठी यांनी जिंकली, पण ते हौशी खेळाडू. भारतीय व्यावसायिकाला ती जिंकायला १९९१ साल उजाडलं. जिंकणारा अली शेर दिल्ली गोल्फ क्लबच्या कॅडींमधून वर आलेला. कलकत्त्याचा एस. एस. पी. चौरसिया हा गवताची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा ती जिंकली. भारतीय पुरुष गोल्फचा इतिहास लिहायचा तर त्यातला अर्धा भाग क्लबच्या मागच्या दाराने आत आलेल्यांचा आहे.

पण इथे एक गोष्ट लक्षात आली का? अली शेर, चौरसिया, चेंबूरची पोरं, सगळे मुलगे. त्याच वस्त्यांतल्या मुली कुठे होत्या? आपल्याकडे कॅडी म्हणजे पोरगा किंवा बाप्या हे ठरूनच गेलं होतं. जपानमध्ये आणि थायलंडमध्ये उलट आहे, तिथे क्लबांमध्ये कॅडीचं काम मुख्यतः बायका करतात. म्हणजे ओझं बाईला झेपत नाही वगैरे काही नाही. आपल्या फडात ऊसतोडणी करणारी बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढते, तिला पंधरा किलोची बॅग काय सांगता? प्रश्न ओझ्याचा नव्हता. परक्या पुरुषांच्या क्लबात मुलीला कोण पाठवणार, हा होता. परिणाम असा झाला की मुलांना जी मागची वाट मिळाली ती मुलींना मिळाली नाही. भारतात मुली गोल्फमध्ये आल्या त्या बहुतेक सभासदांच्या, फौजी अधिकाऱ्यांच्या, सुस्थितीतल्या घरांतून.

महिलांचा व्यावसायिक गोल्फसुद्धा कष्टातून उभा राहिला. अमेरिकेत १९५० मध्ये तेरा खेळाडूंनी मिळून एलपीजीए ही संघटना काढली. सुरुवातीच्या त्या वर्षांत खेळाडू स्वतःच मोटार चालवत गावोगाव जायच्या, स्वतःच मैदान आखायच्या, स्वतःच हिशेब ठेवायच्या. तमाशाचा फड जसा गावोगाव तंबू ठोकत जातो, तसंच. युरोपातल्या महिलांच्या दौऱ्याची स्थापना १९७८ मध्ये झाली. आपल्याकडे वुमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाने या शतकाच्या पहिल्या दशकात देशांतर्गत व्यावसायिक दौरा सुरू केला, आणि २००७ पासून महिलांची इंडियन ओपन होऊ लागली. २०१६ मध्ये ती बंगळूरच्या अदिती अशोकने जिंकली. ती जिंकणारी ती पहिली भारतीय.

आता या दौऱ्यातला कॅडीचा आठवडा बघू. देशांतर्गत स्पर्धा साधारण तीन दिवसांची असते. रोज अठरा होल, एकूण चोपन्न.

सोमवार प्रवासाचा. गेल्या आठवड्याची स्पर्धा एका शहरात, या आठवड्याची दुसऱ्या. खेळाडू विमानाने आली तरी कॅडी बहुधा रेल्वेने येतो. एका खोलीत तिघे-चौघे राहायचे, जेवण जिथे स्वस्त तिथे. सगळ्याच खेळाडूंना कायमचा कॅडी परवडत नाही. ज्यांना परवडत नाही त्या यजमान क्लबच्या कॅडी मास्टरकडून आठवड्यापुरता तिथलाच माणूस घेतात. त्याचाही फायदा असतो, त्याला मैदानाचा प्रत्येक उंचवटा पाठ असतो. पण तिचा स्वभाव त्याला माहीत नसतो.

मंगळवार सरावाचा. खरं काम इथे सुरू होतं. कॅडी वही घेऊन मैदान पायाखाली घालतो. या झाडापासून ग्रीनच्या पुढच्या काठापर्यंत किती यार्ड, मागच्या काठापर्यंत किती, बंकर ओलांडायला किती, चेंडू घरंगळला तर कुठे जाईल. ग्रीनवर हाताने चेंडू सोडून उतार बघायचा. गवत कुठल्या दिशेला लवलंय ते बघायचं, कारण त्या दिशेने चेंडू जास्त पळतो. शेतकरी जसा बांधावर उभा राहून पाणी कुठून कुठे जाईल ते सांगतो, तीच नजर.

बुधवार, पहिली फेरी. सकाळी सातची वेळ असेल तर कॅडी साडेपाचला हजर. त्या दिवशी होल ग्रीनवर कुठे पाडलेत त्याचा कागद मिळतो, तो वहीत उतरवून घ्यायचा. टॉवेल अर्धा ओला, अर्धा कोरडा. पाणी, केळी, छत्री, चेंडू. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅगेतल्या काठ्या मोजायच्या. नियमाने चौदाच. १९३८ मध्ये अमेरिकेने आणि १९३९ मध्ये ब्रिटनने ही मर्यादा घातली. त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस काठ्या घेऊन फिरायचे आणि कॅडीचं कंबरडं मोडायचं. आज पंधरावी काठी निघाली तर ज्या होलला ती बॅगेत होती त्याला दोन फटक्यांचा दंड, जास्तीत जास्त चार. काठी कॅडीने विसरली म्हणून दंड कॅडीला होत नाही, तो खेळाडूला होतो. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी इयान वूस्नम पहिला होल उत्तम खेळून दुसऱ्यावर आला, तेव्हा कळलं की सरावातला जादा ड्रायव्हर बॅगेतच राहिलाय. दोन फटके गेले. तो अखेर बरोबरीने तिसरा आला. पुरुषांच्या स्पर्धेतलं उदाहरण आहे, पण जगातला प्रत्येक कॅडी पहिल्या टीवर उभा राहून काठ्या मोजतो तेव्हा त्याच्या मनात ते असतं.

मग चालायचं. महिलांचं मैदान मोजलं तर सहा हजार ते साडेसहा हजार यार्ड, म्हणजे पावणेसहा किलोमीटरच्या आसपास. पण चेंडूमागे इकडेतिकडे धरून आठ-दहा किलोमीटर होतात. चार-पाच तास, डोक्यावर ऊन. प्रत्येक फटक्याआधी दोघांत बोलणं होतं. "एकशे चाळीस. वारा तोंडावर. ग्रीन चढावर. दीडशेचं धर." ती काठी निवडते. तो बाजूला होतो. फटका बसला की काठी पुसायची, उडालेलं गवत परत बसवायचं, बंकरातली वाळू सारखी करायची, झेंडा धरायचा. आणि वाईट फटका गेला की गप्प बसायचं. किती वेळ गप्प बसायचं हे ज्याला कळतं तो चांगला कॅडी, असं या धंद्यात मानतात.

गुरुवार, दुसरी फेरी, आणि कटाची टांगती तलवार. दोन फेऱ्यांनंतर ठराविक क्रमांकापर्यंतच्याच खेळाडू पुढे जातात. एका फटक्याने कट हुकला तर खेळाडूला बक्षिसाची रक्कम नाही, आणि कॅडीला टक्केवारी नाही. ठरलेली आठवड्याची फी तेवढी पदरात.

शुक्रवारी शेवटची फेरी. संध्याकाळी बक्षीस समारंभ. फोटो काढताना कॅडी बहुतेक वेळा बॅग गाडीत ठेवत असतो. रात्रीची गाडी पकडायची असते.

आता हिशेब मांडू. जगभर रूढ असलेली पद्धत अशी : आठवड्याची ठराविक फी, शिवाय खेळाडूच्या बक्षिसातला हिस्सा. साधारण पाच टक्के, पहिल्या दहात आली तर सात, जिंकली तर दहा. हा कायदा नाही, रिवाज आहे. २०२४ च्या अमेरिकन महिला ओपनमध्ये एकूण बक्षिसं एक कोटी वीस लाख डॉलरची होती, विजेतीला चोवीस लाख डॉलर मिळाले. त्याच्या दहा टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार डॉलर. चांगली रक्कम. पण त्याच वर्षीच्या पुरुषांच्या अमेरिकन ओपनमध्ये विजेत्याला त्रेचाळीस लाख डॉलर मिळाले. बॅगेचं वजन तेवढंच, चालणं तेवढंच, विमानाचं तिकीट तेवढंच, पण महिला खेळाडूबरोबर चालणाऱ्या कॅडीचा हिस्सा जवळजवळ निम्मा. बाईच्या कामाला कमी मोल मिळालं की तिच्याबरोबर काम करणाऱ्याच्या कामालाही कमी मोल मिळतं, हा नियम इथे आकड्यांत दिसतो.

आणि ही झाली सर्वांत वरची पायरी. आपल्या देशांतर्गत दौऱ्यावर बक्षिसाची सगळी रक्कम मिळून काही लाखांत असते. समजा, विजेतीला दीड लाख मिळाले. दहा टक्के म्हणजे पंधरा हजार. पण जिंकणारी एकच असते. समजा, विसाव्या आलेल्या मुलीला वीस हजार मिळाले, तर कॅडीच्या वाट्याला पाच टक्क्यांनी हजार रुपये येतात. त्यात प्रवास, राहणं, जेवण. म्हणूनच महिला दौऱ्यावर तुम्हाला एक दृश्य वारंवार दिसतं : बॅग बापाच्या किंवा आईच्या खांद्यावर असते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण टोकियोचं आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक अठरा वर्षांची होती आणि तिचा कॅडी तिचे वडील होते. २०२१ मध्ये टोकियोला बॅग आईने घेतली, महेश्वरी अशोक यांनी. अदितीचा जागतिक क्रमांक तेव्हा दोनशे. काही महिन्यांपूर्वीच ती करोनातून उठली होती, अंगात ताकद कमी झाली होती, चेंडू लांब जात नव्हता. चार दिवस, ऑगस्टचा उकाडा. पहिल्याच दिवशी एका अमेरिकन खेळाडूच्या कॅडीला उन्हाचा इतका त्रास झाला की मध्येच बॅग दुसऱ्याकडे द्यावी लागली. ही आई चारही दिवस चालली. शेवटच्या दिवशी सकाळी अदिती दुसऱ्या स्थानावर होती. गोल्फ कशाशी खातात हे माहीत नसलेले लाखो लोक त्या शनिवारी पहाटे उठून टीव्हीसमोर बसले. शेवटी अदितीचे २६९ फटके झाले आणि ती चौथी आली. पदक एका फटक्याने हुकलं.

दुसरं उदाहरण दीक्षा डागरचं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, ती डावखुरी खेळते, आणि अनेक स्पर्धांत बॅग तिचे वडील कर्नल नरेंदर डागर यांच्याकडे असते. तिने २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन जिंकली आणि बधिरांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णही मिळवलं. विचार करा, ज्या जोडीचं काम बोलण्यावर चालतं, तिथे खेळाडूला ऐकायला येत नसेल तर कॅडी किती जवळचा लागेल? हातवारे, ओठांची हालचाल, चेहरा. अशी भाषा आठवड्यापुरत्या भाड्याने मिळत नाही.

पण मंडळी, यात आम्हाला एक काळजीही दिसते. घरचा माणूस कॅडी होतो तेव्हा प्रेम असतंच, पण ती फुकटची मजुरीही असते. आपल्या शेतीत घरच्यांची मजुरी खर्चात धरत नाहीत आणि मग 'शेती परवडली' असं म्हणतात, तसं हे आहे. आणि ज्या घरात आईबापांना नोकरी सोडून मुलीबरोबर देश-परदेश फिरणं शक्य नाही, त्या घरातली मुलगी या खेळात कशी येणार?

आता कॅडीच्या हक्काचं बघू. गोल्फच्या नियमांत त्याचं स्थान फार वेगळं आहे. फेरी चालू असताना खेळाडूला सल्ला देण्याचा अधिकार मैदानावर फक्त त्याला आहे. नावाजलेला प्रशिक्षक दोरीपलीकडे उभा असेल, पण खेळाडूने त्याला "कुठली काठी घेऊ?" एवढं विचारलं तरी दोन फटके दंड. कुस्तीत उलटं आहे. कुस्ती लागली की वस्ताद हौद्याबाहेर, तिथून काय ओरडायचं ते ओरडा. गोल्फमध्ये वस्ताद बाहेर आणि बॅगवाला आत. म्हणून आम्ही म्हटलं की हमालाचं काम वस्तादाचं झालं.

हा अधिकार किती असावा यावरही वाद झाले. महिलांच्या दौऱ्यावर अनेक कॅडी खेळाडूच्या मागे उभे राहून तिचे पाय, खांदे, काठी सरळ रेषेत आहेत का ते सांगायचे. १ जानेवारी २०१९ पासून नियम बदलला. खेळाडू पवित्रा घेऊ लागली की कॅडीने तिच्यामागे रेषेत उभं राहायचं नाही. नेम धरणं हे खेळाडूचं कसब आहे, ते तिनेच करावं. आम्हाला हा नियम योग्य वाटतो, पण त्यातून एक गोष्ट मान्य झाली की कॅडीची नजर खेळ बदलू शकते. २०२१ पासून एलपीजीएने अंतर मोजण्याची यंत्रं वापरायला परवानगी दिली. तेव्हा काहींना वाटलं, आता कॅडी कशाला? यंत्राने अंतर सांगितलं, पण आज तिचा हात जड आहे की हलका, ती घाबरली आहे की चिडली आहे, हे यंत्र कुठून सांगणार?

एवढं सगळं करणारा माणूस नोकर कुणाचा? हा प्रश्न एकदा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. हाँगकाँगच्या रॉयल गोल्फ क्लबमधल्या एका कॅडीने आपण क्लबचे नोकर आहोत असा दावा केला. क्लबने त्याला नंबर दिला होता, गणवेश दिला होता. फेरीचे पैसे क्लब हातात द्यायचा आणि सभासदाच्या खात्यावर टाकायचा. १९९७ मध्ये निकाल लागला : बहुमताने ठरलं की तो क्लबचा नोकर नाही. त्याला यायचं बंधन नाही, क्लबला काम द्यायचं बंधन नाही. तो त्या त्या खेळाडूसाठी फेरीपुरतं काम करतो. आजारपणाची रजा नाही, निवृत्तीवेतन नाही. निकाल बहुमताचा होता, म्हणजे त्या न्यायपीठावरसुद्धा हे सगळ्यांना पटलेलं नव्हतं. गणवेश क्लबचा, नंबर क्लबचा, शिस्त क्लबची, पण जबाबदारी कुणाचीच नाही.

हे ऐकून महाराष्ट्रातल्या माणसाला काहीतरी आठवायला पाहिजे. बाजार समितीतला हमाल कुणाचा नोकर, व्यापाऱ्याचा की अडत्याचा, हाच वाद आपल्याकडे होता. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची चळवळ उभी केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याची युक्ती बघा. मालक कोण हे भांडत बसण्यापेक्षा मंडळ काढा, कामगाराची नोंद करा, मजुरी मंडळातून द्या, आणि त्यावर लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी द्या. डोक्यावरच्या ओझ्याला नाव आणि नोंद मिळाली. २०२० च्या टाळेबंदीत मैदानं बंद झाली तेव्हा रोजच्या फेरीवर जगणाऱ्या कॅडींची कमाई एका दिवसात थांबली. नोंदणी असलेल्या कामगाराला निदान दार ठोठावायला एक कार्यालय असतं. कॅडीला कॅडी मास्टरची खिडकी असते, आणि ती मैदानाबरोबरच बंद होते.

आम्हाला असं सुचवायचं नाही की गोल्फचा कॅडी आणि फडातला तोडणी कामगार एकाच दुःखात आहेत. कॅडीला सावलीत बसता येतं, कधी चांगली बक्षिशी मिळते, क्वचित एखादा अली शेर होतो. पण तोडणीला 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी मोजतात आणि उचल एका नावावर देतात, तसंच इथेही काम जोडीचं आणि नाव एकाचं आहे. शेजारी जोतिबाला आपण चैत्रात सासनकाठी बघतो. काठी एकजण पेलतो, पण चारही बाजूंनी दोऱ्या धरणारे नसतील तर ती एक पाऊल पुढे जाणार नाही. सासनकाठी नाचवणाऱ्याचं नाव आपण घेतो. दोऱ्या धरणाऱ्यांना निदान आपण ओळखतो, कारण ते आपल्याच गावचे असतात.

मग करायचं काय? तीन गोष्टी आम्हाला शक्य वाटतात. पहिली, क्लबांनी आपल्या कॅडींची नोंद ठेवावी आणि फेरीमागे थोडी रक्कम विमा आणि निधीसाठी बाजूला काढावी. माथाडी मंडळाचा नमुना आपल्याच राज्यात तयार आहे. दुसरी, महिला स्पर्धांच्या आयोजकांनी कट हुकलेल्या खेळाडूंच्या कॅडींना किमान प्रवासखर्च द्यावा. हे केलं तर सामान्य घरातली मुलगीही आईबापाऐवजी जाणता कॅडी घेऊ शकेल. तिसरी, क्लबच्या भिंतीबाहेरच्या वस्तीतल्या मुलींना कॅडीचं काम आणि त्याबरोबर सरावाची वेळ मिळावी. मुलांना ती मागची वाट शंभर वर्षं मिळाली. मुलींसाठी ती अजून उघडायची आहे.

आणि तुम्ही काय करायचं? पुढच्या वेळी टीव्हीवर एखादी भारतीय मुलगी खेळताना दिसली तर फटका मारण्याआधीची दहा सेकंदं बघा. ती कुणाकडे बघते, तो किंवा ती काय सांगते, आणि मग एक पाऊल मागे कोण जातं. ज्याचं नाव पडद्यावर येणार नाही तो माणूस तिथे उभा असेल. आता प्रश्नांसाठी वेळ आहे, विचारा.